उद्घाटन न झालेली डिस्क

शालन गेली त्या सकाळी मंडळाच्या संगणकातली जागाही संपल्याचं उघड झालं. कार्यवाह भगवंतराव तिचा शोकठराव टाइप करत होते. तो साठवला जाईना. त्यांनी दोन्ही घटनांबद्दल माझ्याकडे दुःख व्यक्त केलं.

साल नव्व्याण्णव. मंडळ कानडी शहरातल्या बनशंकरी भागातलं, मराठी. डिस्क बरीचशी शालनच्या आवाजाने भरली होती. पुण्या-नागपुराहून नोकरीला येणाऱ्यांसाठी माझ्या बायकोने कन्नडचे धडे बोलून ठेवले होते. तिच्या चालीत "मीटर हाकी, अण्णा" म्हटलं की रिक्षावाले खरोखर मीटर टाकत. तो आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

"काका, काळजी नको," संगणक सांभाळणारा निहार म्हणाला. "नवी डिस्क आत बसवलेलीच आहे, रिकामी. लिनक्स आहे, ती जुन्या व्हॉल्यूमला, म्हणजे साठवणीच्या कप्प्याला, जोडली की जागा वाढेल. अर्ध्या तासाचं काम."

"हात लावू नकोस," भगवंतराव म्हणाले. "तिचं उद्घाटन व्हायचंय. पाहुण्यांनी अजून तारीख दिली नाही."

"अहो अण्णा, डिस्क आहे, सभागृह नाही!" निहार भगवंतरावांना म्हणाला.

"आणि आधीच वापरलीय हे पाहुण्यांना कळलं, तर नारळ कुठल्या तोंडाने फोडायचा?"

कार्यकारिणी बसली. उद्घाटनापूर्वी रिकामी जागा रिकामी समजू नये, असा ठराव झाला. तोही साठवला जाईना. तेव्हा जुनं काहीतरी पुसणं आलंच. हयात सभासदांचं पुसलं तर ते भांडतील, म्हणून एकमताने शालनचे धडे निवडले.

"निदान तेवढे नव्या डिस्कवर ठेवा," मी म्हणालो.

"उद्घाटनाआधी?" भगवंतराव दुखावले. "वासुदेवराव, वहिनींना तरी नियम मोडलेला चालला असता का? स्वल्प, थोडंसं, समजून घ्या की."

निहारने फ्लॉप्या आणल्या. एकीत अर्धा धडाही मावेना.

धडे पुसले. त्या जागी शोकठराव बसला. त्यात तिच्या आवाजाचं कौतुक आहे.

यथावकाश पाहुणे आले. संगणकाच्या खोक्याला हार घातला, नारळ फुटला. शालनच्या धड्यांवर ते फार छान बोलले. मी टाळ्या वाजवल्या. तुम्हीही होतात; नसाल, तर अशाच दुसऱ्या कार्यक्रमाला होतात.

पाहुण्यांची गाडी हलताच निहारने कीबोर्ड पुढे ओढला.

"आता कशाला?" भगवंतराव म्हणाले. "जुन्या डिस्कवर भरपूर जागा झालीय की."

नवी डिस्क जोडायची राहिली आहे.