शंभर ताटं आणि ई-पंधरा

सासरा मरून वीस दिवस झाले, म्हणून पहाटे दोनशे पुरुष येऊन दोघांत एका ताटात पुलाव जेवून गेले. मेलेल्यासाठी दुआ मागितली, तोंडावरून हात फिरवले आणि मेंढीच्या चरबीनं माखलेली शंभर ताटं मागे ठेवून चालते झाले. उझबेकिस्तानातल्या या मर्गिलानमध्ये माणूस जिवंतपणी काढत नाही एवढी भांडी मेल्यावर काढतो.

ती घासायची कोणी, हे विचारायचं नसतं. सून कशाला आणलेली असते?

सून म्हणजे झुलखुमोर. ती मागावर रेशीम विणायची. महिन्याभरापासून बोटांना भेगा पडून रक्त येत होतं. डॉक्टरनं बजावलं होतं, पाण्यात हात घालायचा नाही. मागाच्या मालकिणीनं त्याहून सोपं सांगितलं, "भेगेत धागा अडकतो. सोमवारी बोटं बरी दिसली नाहीत तर मागावर दुसरी बसेल." म्हणून नवऱ्यानं, नोसिरनं, आयुष्यात पहिल्यांदाच आईला न विचारता भांडी धुवायचं यंत्र आणलं.

"मी अडतीस वर्षं हातानं घासली," सासू मुअत्तर म्हणाली होती. "मेले का?"

झुलखुमोरनं पहिली बारा ताटं यंत्रात रचली, साबणाची वडी ठेवली आणि उरलेला पुलाव झाकायला गेली. मुअत्तरनं ती वडी पाहिली. दोनशे माणसांच्या चरबीला एवढीशी वडी? तिनं भांड्यांचा पातळ साबण अर्धी बाटली आत ओतला आणि यंत्र सुरू केलं.

दहा मिनिटांत दाराच्या फटीतून फेस बाहेर आला. यंत्र गुरगुरत राहिलं आणि त्यावर बिघाडाचा आकडा उमटला. ई-पंधरा.

झुलखुमोरनं पुस्तिका उघडली. "फेसाचं पाणी तळाच्या पत्र्यात उतरलंय. वीज काढायची, नळ बंद करायचा, यंत्र तिरकं करून पाणी काढायचं. एवढंच."

"पुस्तक वाचून यंत्रं दुरुस्त झाली असती तर मास्तर कारखाने चालवत बसले असते," तुर्गुन अमाकी म्हणाले. नोसिरचे हे काका, मेलेल्याचे धाकटे भाऊ, ट्रॉलीबसच्या डेपोत एकतीस वर्षं मुकादम. "पंप गेलाय."

"विजेचा दाब कमी आहे," दीर इक्रोम म्हणाला.

"अमाकी, ती म्हणतेय की तिरकं करून..." नोसिर म्हणाला.

"तू बायकोचा पोपट आहेस का?"

"नजर लागलीय मेली," म्हणत मुअत्तरनं इसिरिकच्या वाळल्या पाल्याचा धूर यंत्राभोवती फिरवला. धुरात खोकत अमाकींनी मागचा पत्रा काढला, एक नळी उपसली आणि स्वयंपाकघरात साबणाचा पूर आला. नळी परत बसली. पत्राही बसला. दोन स्क्रू मात्र उरले.

"जास्तीचे देतात कंपनीवाले," अमाकींनी ते खिशात टाकले. ई-पंधरा तिथंच होता.

"आता घासायला लाग गं," मुअत्तर सुनेला म्हणाली. "दुपारी बायका येतील जेवायला."

झुलखुमोरनं आपल्या बोटांकडे पाहिलं. मग पुस्तिकेचं एक पान उलटलं.

"अमाकी, तुमचंच बरोबर होतं. इथं लिहिलंय, यंत्र जाणकार माणसानंच तपासावं. तिरकं करून, आणि मग चालवून बघायचं तेही स्वच्छ ताटांवर. बायकांनी हात लावू नये."

जाणकार, स्वच्छ ताटं, बायका, यातलं पुस्तकात काहीही नव्हतं.

"मघापासून मी दुसरं काय सांगतोय!" अमाकी गरजले. "चिखलाची गाडी आम्ही डेपोत दुरुस्तीला कधी घेतलीच नाही. इक्रोम, घमेलं आण! नोसिर, बाह्या वर कर!"

"अहो, शेजारी बघतील!" मुअत्तर कळवळली. "पुरुष माणसं भांडी घासतायत!"

"घासत नाहीये वहिनी. ही पूर्वतयारी आहे."

बारा ताटांची पूर्वतयारी पाऊण तास चालली. मग तिघांनी यंत्र तिरकं केलं, तळातलं पाणी ओतलं, पुसलं. आकडा गेला. स्वच्छ ताटं आणखी एकदा स्वच्छ होऊन बाहेर आली. अमाकींनी ट्रॉलीबस रुळावर आणल्यासारखा कपाळाचा घाम पुसला. ट्रॉलीबसला रूळ नसतात, हे सांगायची कोणाची हिंमत झाली नाही.

"पण महागाची वस्तू आहे," ते पियालीत चहा ओतून घेत म्हणाले. "आज आराम द्या तिला. अठ्ठ्याऐंशी ताटं राहिलीत, ती सून घासेल. वहिनी, तुम्हीही बसा तिच्याबरोबर. लवकर उरकेल."

नोसिर जमिनीकडे बघत राहिला. पुरुष ओसरीवर गेले. नवरा जाऊन वीस दिवस झालेली मुअत्तर चरबीच्या ढिगाकडे बघत उभी राहिली.

झुलखुमोर यंत्राच्या मागे वाकली, सरळ झाली आणि तिनं हाक मारली, "अमाकी! आता तर आकडाच दिसत नाही!"

अमाकी धावत आले. काळी काच बोटानं ठोकली. "आकडाच नाही? म्हणजे रोग आत शिरला! पोरांनो, घमेलं आणा!"

मुअत्तरची नजर खाली गेली. यंत्राची वायर उपटलेली, पिन फरशीवर पडलेली. तिनं सुनेकडे पाहिलं. मग पुलावाची एक रिकामी कढई पायानं सरकवत सरकवत पिनेसमोर आणून ठेवली.

"भाऊजी," ती म्हणाली, "दोनशे पियाल्या पण आहेत. त्यांची नको का पूर्वतयारी?"