कपाटाचं खालचं टोक

चष्मेवाल्याला दिवसभर एकच प्रश्न विचारावा लागे. "आता हे स्पष्ट दिसतंय, की हे?" गिऱ्हाईक म्हणे, "परत दाखवा." तो परत दाखवी. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढताना त्याच्या अंगात इतकंच त्राण उरलेलं असे, की घरी जावं, आडवं व्हावं, आणि या जगात काय बरं नि काय वाईट हे ठरवायचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालावं.

पण घरी मेहुणा होता.

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, चार दिवसांसाठी म्हणून आला होता. ऋतू पालटले, पडदे पालटले, त्याचे चार दिवस काही संपेनात. तो नाटकं लिहायचा. म्हणजे आधी बोलायचा आणि मग लिहायचा. घर झोपलं की बाहेरच्या खोलीत येरझारा घालत संवाद मोठ्यानं म्हणून बघायचा. मधली भिंत पातळ होती. चष्मेवाला कानावर उशी घेऊन पडे, आणि उशीतून संवाद आणखी गंभीर ऐकू येत.

"अहो, कला आहे ती," बायको म्हणे.

"असू दे की. दिवसा असू दे."

"दिवसा झोपतो ना तो."



सध्याच्या एकांकिकेत दोन भाऊ वडिलांचं जुनं कपाट जिन्यावरून खाली उतरवतात आणि ते वळणावर अडकतं. एवढंच. थोरला भाऊ वरून बोलत सुटतो: वडील, वाटण्या, लहानपण, सगळं. चष्मेवाल्याला तो अख्खा भाऊ पाठ झाला होता. एकदा तर एका गिऱ्हाइकाला फ्रेम चढवताना त्याच्या तोंडून निघून गेलं, "तू नेहमी पुढे, आणि मी नेहमी वर!" गिऱ्हाइकाने ती फ्रेम घेतली नाही.

अशात एक आशा उगवली. गालिच्यांच्या जुन्या गोदामात छोटं नाट्यगृह चालवणाऱ्या एका दिग्दर्शिकाबाईंनी नव्या लेखकांच्या तीन एकांकिका एका संध्याकाळी लावल्या. त्यातला एक लेखक त्या आपल्या संस्थेत कायमचा घेणार होत्या, आणि त्याला नाट्यगृहाच्या वरची खोली राहायला मिळणार होती. खोलीत पलंग होता. चष्मेवाल्याने त्या पलंगावर मेहुण्याला मनातल्या मनात कितीदा तरी पांघरूण घालून पाहिलं होतं.

बाईंची एक पद्धत होती. एकांकिका संपली की दिवे लावायचे आणि प्रेक्षकांना बोलायला सांगायचं. निवड त्या बोलण्यावरून.

"पहिला माणूस काय बोलतो त्यावर सगळं असतं," बायकोने बजावलं. "मागचे सगळे तेच घोळवतात. तेव्हा छोट्याचं संपलं की पहिले तुम्ही उठायचं."

"मी?"

"मग काय मी उठू? सख्ख्या बहिणीचं कोण खरं मानेल?"

चष्मेवाल्याने दुकानात बसून चार वाक्यं जुळवली आणि मग जरा चाचरत विचारलं, "नाटक मला पाठ आहे. पाहताना डोळा लागला तर चालेल?"

बायकोने विचार केला. नवऱ्याला ती ओळखून होती. "चालेल. तिसरं आहे त्याचं. संपलं की मी कोपर मारीन. उठायचं आणि बोलायचं. घोरायचं मात्र नाही."

नाट्यगृहातल्या खुर्च्या चांगल्या होत्या, अंधार चांगला होता, आणि 'हे की हे' विचारणारं कुणी नव्हतं. पहिल्या एकांकिकेचा पडदा वर गेला आणि चष्मेवाल्याच्या पापण्या खाली आल्या. तिच्यावरची चर्चा, टाळ्या, कुणाचा तरी खोकला, सगळं त्याच्या डोक्यावरून गेलं.

दुसरी एकांकिका एका लेखिकेची होती. ती मुलगी ऐन उकाड्यात मफलर गुंडाळून आली होती. रंगमंचावर टेबल, दोन खुर्च्या, म्हातारा बाप आणि त्याची मुलगी. घर विकलंय. उद्या किल्ल्या द्यायच्या आहेत. आणि दोघं एकमेकांशी अक्षरही बोलत नाहीत. नव्या नाटकांत शांतता फार असते. या नाटकात तर तिच्याशिवाय काही नव्हतंच. त्या शांततेत चष्मेवाल्याच्या घशातून एक लांब, करवतीसारखा आवाज निघाला.

बायकोने कोपर मारलं.

चष्मेवाला उठला. डोळे अर्धे मिटलेले, केस एका बाजूला चेपलेले. त्याने घसा साफ केला.

"हे कपाट," तो म्हणाला, "आपल्या सगळ्यांच्या घरात आहे."

रंगमंचावर कपाट नव्हतं. म्हाताऱ्या नटाने हळूच मान वळवली.

"आपल्याला वाटतं, आपण ते उचललंय. अहो, त्यानेच आपल्याला धरून ठेवलंय!"

बायकोने त्याचा सदरा ओढला. ती घाई करतेय असं समजून त्याने एक वाक्य गाळलं आणि थेट शेवट गाठला. "असं लिहिणाऱ्या माणसाला," त्याने अगदी मनापासून हात जोडले, "स्वतःचं छप्पर मिळायला हवं. स्वतःचं. वेगळं. लवकरात लवकर."

म्हातारा नट अनुभवी होता. तो टेबलामागून शांतपणे म्हणाला, "बसा. पोचलं आमच्यापर्यंत." मुलीचं काम करणाऱ्या नटीने ओंजळीत तोंड लपवलं आणि तिचे खांदे गदगदू लागले. ती हसत होती, पण मागच्या रांगांना ते कुठून कळणार? पडदा पडला तेव्हा अर्धं नाट्यगृह उभं राहून टाळ्या पिटत होतं.

"न दाखवलेलं कपाट!" एक दाढीवाले गृहस्थ चर्चेत म्हणाले. "घरात आहे आणि रंगमंचावर नाही. काय जागा काढलीय!"

"आणि तो प्रेक्षकांतला नट," एक बाई म्हणाल्या. "किती खरं झोपला होता! मला वाटलं, खरंच कुणीतरी दमलेला माणूस आहे."

मफलरवालीचं तोंड जरा वेळ उघडंच राहिलं. मग तिने मान किंचित झुकवली आणि न लिहिलेल्या ओळींची स्तुती पदरात घेतली. लेखिकाच होती शेवटी.

"काय करून बसलात हे?" बायको दातांतून म्हणाली.

"तूच तर कोपर मारलंस!"

"घोरत होता म्हणून मारलं!"

चष्मेवाल्याची झोप पार उडाली. तिसरी एकांकिका सुरू झाली तेव्हा तो टक्क जागा होता. दोन माणसं खरंखुरं कपाट घेऊन आली आणि प्रेक्षकांत कुजबुज झाली, "परत कपाट?"

पण चष्मेवाल्याला ती ऐकू गेली नाही. तो पाहत होता. भिंतीपलीकडून त्याने नेहमी थोरला भाऊ ऐकला होता, बडबड्या. कपाटाचं खालचं टोक धरणारा दुसरा भाऊही नाटकात आहे, हे ऐकून कळण्यासारखं नव्हतं, कारण दोन शब्दांपलीकडे त्याला संवादच नव्हते. सगळं वजन त्याच्या अंगावर. पाय थरथरताहेत, डोळ्यांवर दिवसभराची झोप आहे, आणि वरच्याचं बोलणं दर वेळी थांबलं की तो फक्त म्हणतो, "धरलंय मी." मेहुण्याने त्याला चष्मा दिला होता. नाकावरून घसरलेला चष्मा खांद्याने वर ढकलायची चष्मेवाल्याची लकबसुद्धा दिली होती. नाटक कधी संपलं, चष्मेवाल्याला समजलंच नाही.

बायकोने कोपर मारलं.

"झोपलो नाही मी!" तो ओरडला. "जागा आहे!"

प्रेक्षागृह खदखदून हसलं.

"तोच नट, तीच युक्ती," दाढीवाले म्हणाले. "इथे शिळी वाटली. आणि कपाट मुळात दाखवायलाच नको होतं."

परत जाताना तिघंही रस्त्याकडे बघत चालत होते.

"माझ्या नाटकात झोपलात भाऊजी," मेहुणा शेवटी म्हणाला. "तिचं मात्र उभं राहून उचलून धरलंत."

"तिच्या नाटकात झोपलो होतो रे. तुझ्या नाटकात तर जागा होतो. तो खालचा भाऊ..."

"राहू दे. ताईने पढवलं असेल."

"मी कशाला पढवू?" बायको म्हणाली. "पढवलं होतं तेवढं बोलून टाकलं त्यांनी भलतीकडे."

खोली मफलरवालीला मिळाली. दोन दिवसांनी बाई स्वतः दुकानात आल्या.

"तुम्ही आमचे नट नाही, हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण ती एकांकिका आता तुमच्याशिवाय उभी राहत नाही. दर शनिवारी यायचं. तीच खुर्ची. ताई कोपर मारतील."

"मला अभिनय येत नाही हो."

"अभिनय नकोच. खरं झोपायचं."

असं चष्मेवाल्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. पत्रकात त्या नवराबायकोची ओळ आली: 'झोप' आणि 'कोपर'. बायकोने ते पत्रक शेजारणीला दाखवलं, आणि भावाकडे पाहून घाईने उशीखाली सरकवलं. चष्मेवाला दर शनिवारी जाऊन मनसोक्त झोपू लागला. दाढीवाल्यांनी कुठेतरी लिहिलं, की एवढी प्रामाणिक झोप हल्ली रंगभूमीवर दिसत नाही. ते कात्रण त्याने दुकानाच्या काचेखाली ठेवलं.

मग एका आठवड्यात मेहुणा कुठल्यातरी शिबिराला गेला. घर शांत झालं. चष्मेवाला रोज गाढ झोपला, आणि शनिवारी खुर्चीत डोळे मिटून टक्क जागा बसून राहिला. तोंडाने घोरण्याचा आवाजही काढून पाहिला.

"आज झोपेत जीव नव्हता," बाई म्हणाल्या. चष्मेवाल्याला ते लागलं, कारण ते खरं होतं.

मेहुणा परतला तो उड्या मारतच. दुसऱ्या गावच्या एका संस्थेला कपाट आवडलं होतं. कपाट दाखवलंय म्हणूनच आवडलं होतं. नोकरी, राहायला जागा, सगळं पक्कं. बायकोने डोळे पुसले. चष्मेवाल्याने अभिनंदन केलं आणि का कोण जाणे, जेवण अर्धंच टाकलं.

निघायच्या सकाळी पुस्तकांची ट्रंक जिन्यावरून उतरवायची होती. मेहुण्याने वरचं टोक धरलं, चष्मेवाल्याने खालचं.

"जपून हं भाऊजी," मेहुण्याची वरून टकळी सुरू झाली. "ट्रंक बाबांची आहे, बरं का. त्यात त्यांचे... डावीकडे घ्या... हां. खरं सांगू, तुमच्याकडे राहिलो म्हणून लिहून झालं. तिकडे कोण ऐकणार? तिथल्या भिंती म्हणे जाड आहेत."

वळणावर ट्रंक थांबली.

"अडकली का?"

"नाही."

"मग चला की! उतरा ना खाली!"

चष्मेवाला हलला नाही. नाकावरून घसरलेला चष्मा त्याने खांद्याने वर ढकलला.

"धरलंय मी," तो म्हणाला.

मेहुण्याचं बोलणं तोंडातच राहिलं. हे वाक्य त्याने घरात कधीच मोठ्यानं म्हटलं नव्हतं; ते फक्त त्या संध्याकाळी रंगमंचावर झालं होतं. दोन टोकांना दोघं तसेच उभे राहिले. खालून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि वरच्या दारातून बायको विचारत होती, "अहो, झालं काय? झोपलात की काय दोघं?"