यातला ‘मी’ कुठला?

सबनीसकाका मराठीत पुरुष आहेत, इंग्रजीत फायनान्स मॅनेजर आहेत आणि जपानीत बाई आहेत.

पहिल्या दोन गोष्टी त्यांच्याकडे नुसतं बघून कळतात. उंची दाराच्या चौकटीला लागेल अशी, मिशी झुपकेदार, आवाज असा की लिफ्टमध्ये ते ‘गुड मॉर्निंग’ म्हणाले की शेजारची चिनी आजी पिशवी घट्ट धरते. तिसरी गोष्ट कळायला मात्र ते जपानी बोलेपर्यंत थांबावं लागतं.

सिंगापूरमध्ये चोआ चू कांगला आम्ही एकाच मजल्यावर राहतो आणि पाया लेबारला एकाच ऑफिसात काम करतो. म्हणजे सकाळचा एमआरटीतला, इथल्या मेट्रोतला, तास, दिवसभराचं काम आणि संध्याकाळचा परतीचा तास, एवढा वेळ माझ्या वाट्याला सबनीसकाका येतात. माझा नवरा निखिल म्हणतो की, माझ्यापेक्षा तुझा संसार त्यांच्याशीच जास्त आहे. हे मी एकदा काकांना सांगितलं. ते गंभीरपणे म्हणाले, “मृणाल, यातला ‘माझ्यापेक्षा’ कुणाचा? त्याचा की तुझा?”

असं बोलतात ते. पण मी सुरुवातीपासून सांगते.

आमची कंपनी जपानी. काकांना जपानी यायला हवं होतं, पण ते कुठल्याही क्लासला गेले नाहीत. मुलगी लहान होती, बायको नव्हती. सुनंदाकाकू सायली दीड-दोन वर्षांची असतानाच गेल्या. त्यामुळे संध्याकाळचे क्लास वगैरे शक्यच नव्हते. काकांनी स्वयंपाक करता करता जपानी गाणी लावली, गाण्यांचे अर्थ लावले आणि त्यातून भाषा उचलली. गाणी जुनी होती, रडकी होती आणि बहुतेक बायकांनी म्हटलेली होती. परिणाम असा झाला की टोकियोहून एखादा रिपोर्ट यायचा राहिला, तर काका फोन लावून त्या झुपकेदार मिशीखालून सांगायचे की, मी इथे किती दिवस वाट पाहते आहे आणि तुम्हाला माझी आठवणसुद्धा होत नाही. पलीकडचा माणूस दुपारच्या आत रिपोर्ट पाठवायचा. वर माफीही मागायचा.

हे सगळं उघडकीला आलं ते एका जेवणात. टोकियोहून मोठे साहेब आले होते. काका उभे राहिले, कमरेत वाकले आणि खर्जात म्हणाले, “आताशी, सबनीस.” टेबलावरच्या सगळ्या चॉपस्टिक्स जिथल्या तिथे थांबल्या. आमच्या शाखेचे मोरी-सान फार सभ्य गृहस्थ. त्यांनी काकांना बाजूला घेऊन समजावलं, की जपानीत ‘मी’ला पुष्कळ शब्द आहेत. ‘वाताशी’ कुणीही म्हणावं. ‘बोकु’ मुलांनी, सौम्य पुरुषांनी. ‘ओरे’ म्हणजे जरा छाती पुढे काढून. आणि ‘आताशी’ म्हणतात ते, म्हणजे, साधारणपणे, स्त्रिया.

दुसरा कुणी असता तर शरमेनं त्याने जपानी सोडलं असतं. काका दुसऱ्या दिवशी एमआरटीत भेटले ते एखादा खजिना सापडल्यासारखे.

“अगं, त्यांच्याकडे ‘मी’लाच बाई-बाप्या आहे. क्रियापदाला नाही. ‘जाणे’ कुणाचंही सारखंच. आणि आपलं बरोब्बर उलटं. ‘मी’ सगळ्यांचा एकच, पण जातो म्हटलं की बुवा, जाते म्हटलं की बाई.”

“बरं मग?”

“मग काय, तिथे माणूस आपला ‘मी’ निवडू शकतो. आपल्याला निवडता येत नाही. तोंड उघडलं की सापडलो.” जुराँग ईस्टला आम्ही गाडी बदलली. नवीन गाडीत बसायला जागा मिळाल्यावर म्हणाले, “खाताना मात्र सुटतो आपण. ‘मी पोहे खाल्ले’ यात कळतच नाही बाई की बुवा. ‘मी गेलो’ म्हटलं की संपलं. मराठी माणसाने भूतकाळात नुसतं खात राहावं.”

तेव्हापासून ‘यातला मी कुठला’ हा त्यांचा प्रश्न सुरू झाला. रेडिओवर कुठलंही गाणं लागलं की विचारणार. मीटिंगमध्ये कुणी ‘आपण यात लक्ष घालू’ अशा अर्थाचं इंग्रजीत म्हणालं, की काका चष्मा काढून विचारतात, “हे ‘वुई’ म्हणजे आम्ही की आपण? मी त्यात आहे की नाही?” सिंगापूरच्या कुठल्याही मॅनेजरला याचं उत्तर देता येत नाही. मीटिंग मात्र लवकर संपते.

शनिवारी दुपारी ते कराओकेला जातात. मोरी-सानही असतात. मी दोन-तीनदा गेले आहे. प्रत्येक गाण्याआधी काका माझ्यासाठी प्रस्तावना करतात. “हे गाणं एका पुरुषाने म्हटलंय बरं का. सूट घालून. पण यातली ‘मी’ बाई आहे, बंदरावर उभी आहे, तो बोटीत बसून गेलाय आणि ही त्याच्यासाठी स्वेटर विणतेय. तो घालणार नाहीये हे तिला माहीत आहे. आणि जपानात हे ऐकताना कुणी हसत नाही. माणसं रडतात.” मग ते डोळे मिटून गातात. सूर मधूनमधून लागतो. मोरी-सान खरोखर रुमाल काढतात.

उलटंही आहे म्हणे. फ्रॉक घातलेल्या तरण्या पोरी ‘बोकु’ म्हणत मुलगा होऊन गातात. का, याची काकांकडे बरीच कारणं आहेत. बोकुमध्ये दोनच अक्षरं, चालीत चटकन बसतात. बोकु म्हटलं की गाणारी कोवळी, थोडी धीट वाटते. आणि ऐकणारा मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाला ते आपलंच वाटतं. “पण ती पोर गाणं संपल्यावर घरी बोकु म्हणत नाही,” काका सांगतात. “गाण्यापुरती सवलत आहे.”

आणि आनाता. हा शब्द त्यांचा विशेष लाडका. आनाता म्हणजे ‘तुम्ही’, पण बायको नवऱ्याला हाक मारते तेव्हा त्याचं थेट आपलं ‘अहो’ होतं. “आमच्या घरातलं ‘अहो’ सुनंदाबरोबर गेलं,” एकदा ते सहज म्हणाले, “म्हणून मी या गाण्यांत म्हणून घेतो. म्हणणारी मीच, ऐकणारा मीच. काटकसर.” आणि पुढचं गाणं लावायला उठले.

इथल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला दामलेकाकूंनी त्यांना गायला लावलं आणि काकांनी बंदरावरची बाई म्हटली. काकूंना अर्थ कळल्यावर त्या म्हणाल्या, “पुरुषमाणसानं हे असं रडगाणं गावं का हो?”

“काकू, रडतोय तो मी नाही. ती रडतेय.”

“ती कोण?”

“मीच,” काका म्हणाले आणि मसाला दूध घ्यायला गेले. काकू बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या.

सायलीबद्दल मात्र ते फार बोलत नसत. ती आता पंचविशीची, नोकरीला लागलेली, यिशुनला मैत्रिणींबरोबर राहते. दर रविवारी घरी येते. लिफ्टपाशी दोघं दिसतात तेव्हा कायम इथल्या सिंगापुरी इंग्रजीत. ‘पा, यू एट ऑलरेडी?’ ‘येस, येस. यू?’ एवढंच. व्याकरणावर तासभर बोलणारा हा माणूस मुलीपुढे दोन शब्दांत आटपतो, याचं मला नवल वाटायचं. मुलीला मराठी येत नसेल, असं मी धरून चालले होते.

या वर्षी जूनमध्ये सायलीचा मला फोन आला. “आंटी, यू फ्री ऑर नॉट? डोन्ट टेल पा.”

यिशुनच्या हॉकर सेंटरमध्ये, तिथल्या खाऊगल्लीत, आम्ही भेटलो. कोपी, म्हणजे इथली कॉफी, समोर ठेवून ती म्हणाली की, बाबांच्या साठीला तिला मराठीत बोलायचंय आणि मी तिला शिकवावं.

“तुला थोडं तरी येतं का?” मी विचारलं.

“ऑल कॅन, आंटी. एव्हरी वर्ड. ओन्ली... आय टॉक लाइक अ मॅन.”

मग तिने सांगितलं. लहानपणी तिच्या कानावर मराठी पडलं ते एकट्या बाबांचं. बाबा म्हणायचे ‘मी जातो’, म्हणून तीही म्हणायची ‘मी जातो’. ‘मी आलो’, ‘मी दमलो’. घरात दोघंच, त्यामुळे कुणाला खटकलं नाही. सात वर्षांची असताना मंडळाच्या दिवाळीत ती स्टेजवर उभी राहिली आणि माइकमध्ये म्हणाली, “माझं नाव सायली सबनीस. मी आता गाणं म्हणतो.” सगळा हॉल हसला. प्रेमानेच हसले असतील. पुढच्या रांगेतून कुणीतरी सांगितलं, म्हणते म्हण, बाळा, म्हणते. तिने गाणं म्हटलंच नाही.

“आफ्टर दॅट, पा चेंज्ड,” सायली म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून बाबा घरात बाईसारखं बोलायला लागले. मी भाजी चिरते. मी अंघोळीला जाते. थांब, मी आले. तिच्या कानावर पडावं म्हणून. कित्येक महिने. फोनवर, बाजारात, सवयीनं कुठेही. एकदा शाळेच्या गेटवर त्यांनी हाक मारली, “सायली, मी आले गं,” आणि तिथे उभ्या असलेल्या दोन मराठी आया वळून बघायला लागल्या. सायली घरी येऊन रडली. म्हणाली, पा, स्टॉप इट, जस्ट टॉक इंग्लिश.

“ही सेड ओके. ओन्ली ओके. देन वी बिकम इंग्लिश लाह.” ती कोपी ढवळत राहिली. “आंटी, देन द हाउस सो क्वाएट. सो ही स्टार्ट टू प्ले द जॅपनीज साँग्ज.”

मी माझी कोपी संपवली आणि शिकवायला हो म्हटलं.

शिकवणी शनिवारी दुपारी माझ्या स्वयंपाकघरात सुरू झाली, काका कराओकेला गेलेले असताना. सायलीने तोंड उघडलं आणि मी लाटणं खाली ठेवलं. तिच्या आत काकांसारखाच एक अस्सल नाशिककर बाप्या बसला होता. “च्यायला, हे काय जमत नाही राव,” ती म्हणायची, अगदी काकांच्या हेलात. झारा, उलथनं, फोडणी, सगळे शब्द जागच्या जागी. फक्त तो-चं ते करायचं होतं. एकेक वाक्य ती दहादा घोटायची. मी राहते. मी येते. मी वाढले. “म्हणतो नाही, म्हणते,” असं मी सांगितलं की ती क्षणभर सात वर्षांची दिसायची, म्हणून मी ते सांगणं सोडलं. नुसतं बरोबर वाक्य परत म्हणायचे.

साठीचं जेवण कम्युनिटी क्लबच्या एका खोलीत होतं. ऑफिसातले होते, मंडळातले होते, मोरी-सान होते, दामलेकाकू पैठणी नेसून आल्या होत्या. सायलीने माइक घेतला. काकांना वाटलं, इंग्रजीत आभार मानणार. ते पाण्याचा ग्लास शोधत होते.

“माझे बाबा आज साठ वर्षांचे झाले,” सायली म्हणाली.

ग्लास शोधणारा हात टेबलावरच राहिला.

“मी त्यांच्याबरोबर एकटीच वाढले. आता मी यिशुनला राहते. रविवारी मी घरी येते आणि बाबांच्या हातचा वरणभात पोटभर जेवते. सगळे आलात, मला फार आनंद झाला.”

एकही चूक नव्हती. आमचं ठरलेलं भाषण इथेच संपत होतं आणि मी टाळ्यांसाठी हात वरही केले होते. पण सायली बसली नाही. ती काकांकडे बघत होती.

“बाबा, तू घरात माझ्यासाठी तसं बोलायचास ना. मला तेव्हा लाज वाटली. पण मी ते विसरलो नाही.”

तिच्या लक्षात आलं. तिने तोंडावर हात ठेवला. दामलेकाकूंनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि पैठणीचा पदर सारखा करत पुन्हा मिटलं.

काका उठले नाहीत, माइकही मागितला नाही. बसल्या जागेवरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्या आवाजात म्हणाले, “मी पण नाही विसरले.”

जरा वेळाने कुणीतरी हसलं. सायलीच हसली होती, डोळे पुसत. मग काका हसले, मग सगळेच. मोरी-सानांनी माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, काय झालं, सगळे हसता हसता का रडताहेत.

“ग्रॅमर,” मी म्हटलं. त्यांनी समजल्यासारखी मान डोलावली आणि रुमाल काढला.

जेवणं झाली. मी गुलाबजामांच्या भांड्यापाशी उभी होते, तेव्हा काका वाटी घेऊन आले आणि पाठोपाठ सायली. “बाबा, बास आता. शुगर किती आली होती मागच्या महिन्यात? सांगू का सगळ्यांना? कळत कसं नाही तुला?” ती सलग मराठीत बोलत होती, न थांबता, न घोटता, आणि क्रियापदं कधी बाईची, कधी बुवाची, वाटेल तशी पडत होती.

काकांनी तिच्याकडे बघत शांतपणे आणखी एक गुलाबजाम वाढून घेतला. तिने पुन्हा सुरुवात केली. ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि ऐकत राहिले. गुलाबजाम वाटीत तसाच होता.