साळबाची चार दिवसांची रजा

एका जंगलात एक कंपनी होती. जंगलात कसली आलीय कंपनी, असं तोंड वाकडं करू नका. गोष्ट ऐकायची असेल तर नीट मांडी घालून बसा, नाहीतर उठा आणि अभ्यासाला लागा.

तर कंपनीचं नाव होतं ‘पाताळ’. ती बिळं खोदून द्यायची. कुणाला? नागांना. सात डोंगरांपलीकडे थंडीच्या मुलखात बडे बडे नाग राहायचे. हिवाळा आला की ते आपल्या या जंगलात उतरायचे. त्यांना राहायला ऐसपैस बिळं लागायची. पण खोदायला नागाला हात कुठे असतात? म्हणून ते काम इकडच्या प्राण्यांना मिळालं. उंदीर आले, घुशी आल्या, ससे आले. सगळ्यांच्या पोटापाण्याची सोय झाली.

या कंपनीत साळबा नावाचा एक साळिंदर होता. खोदण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. जमीन कातळासारखी असली तरी चार दिवसांत बीळ तयार. आतली वळणं अशी सुबक की जाणाऱ्या-येणाऱ्याचं अंग कुठे घासायचं नाही.

साळबाला नोकरी आवडायची का? आवडायची. खोटं कशाला सांगू. दुपारी कंपनीकडून रताळी मिळायची, हवी तितकी. बसायला वडाची गार सावली होती. शेजारच्या खड्ड्यात घूसमावशी खोदायची. वयानं मोठी, जिभेनं तिखट, पण मायाळू. तिच्याशी दिवसभर गप्पा व्हायच्या. आणि मुलगा ‘पाताळ’मध्ये आहे म्हटल्यावर सगुणाच्या वडिलांनी पत्रिकासुद्धा न बघता लग्न लावून दिलं होतं.

न आवडणारंही होतंच. रोज सकाळी उभी सभा भरायची. सगळ्यांनी मागच्या पायांवर उभं राहायचं आणि काल काय खोदलं, आज काय खोदणार, मध्ये काय आडवं आलं, ते सांगायचं. उभं राहिलं की पाय दुखतात आणि पाय दुखले की लोक थोडक्यात बोलतात, असा त्यामागे विचार होता. विचार घोरपडसाहेबांचा. ते कंपनीचे मुख्य. साहेब स्वतः एका दगडाला चिकटून आडवे पडायचे, त्यामुळे त्यांचे पाय काही दुखायचे नाहीत. सभा रताळ्यांच्या वेळेपर्यंत चालायची.

शिवाय नागसाहेबांचे निरोप. ते पोपट घेऊन यायचा. ‘बीळ उत्तम झालंय. फक्त थोडं वेगळं हवं.’ वेगळं म्हणजे कसं, ते पोपटाला सांगता यायचं नाही. मग कसं वेगळं हवं असेल यावर सभा. मग बीळ बुजवायचं आणि पुन्हा खोदायचं. चार दिवसांनी पोपट हजर. ‘हेही उत्तम. पण पहिलंच बरं होतं.’

यातलं काहीही साळबानं सोसलं असतं. पण त्याला एक घोर लागला होता. सगुणाला दिवस गेले होते. अमावास्येच्या सुमारास पिल्लं होणार होती. आणि नवरा-बायको राहायचे करवंदीच्या जाळीत, उघड्यावर. त्या भागात एक तरस हिंडत होतं. साळिंदराची नवी पिल्लं मऊ असतात, त्यांच्या अंगावर काटे कुठले टोचण्याजोगे?

सगुणा एकदा म्हणाली, “अहो, अख्ख्या नागांच्या खानदानाला बिळं देता. आपल्या पिल्लांना एक नको का?”

साळबाला खाली मान घालावी लागली. तो दुसऱ्याच दिवशी घोरपडसाहेबांपुढे उभा राहिला. “साहेब, चार दिवस रजा हवी होती. घरचं बीळ खोदायचंय.”

साहेब प्रेमानं म्हणाले, “साळबा, आपण सगळे एक कुटुंब आहोत. कुटुंबातून कुणी रजा घेतं का?”

“पण साहेब, पिल्लं यायचीत.”

“येऊ देत की. आनंदाची गोष्ट आहे. हातातलं बीळ नागसाहेबांना पसंत पडलं की बघू.”

आता नागसाहेबांना काय पसंत पडायचं ते तुम्ही ऐकलंच आहे. पौर्णिमा झाली. चंद्र खंगायला लागला. साळबा रोज वर बघायचा आणि दिवस मोजायचा.

त्याच सुमारास वनदेवीची जत्रा जवळ आली. जत्रेत दरवर्षी ‘सर्वांत समाधानी कंपनी’ला मानाचा नारळ मिळायचा. घोरपडसाहेबांना तो नारळ हवा होता. पण आपले लोक समाधानी आहेत की नाहीत, हे लोकांनाच विचारावं लागणार, असा नियम होता. कुणी केला हा नियम कोण जाणे.

विचारण्याचं काम भारद्वाजबाईंकडे होतं. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, असं आपण म्हणतो. ‘पाताळ’मध्ये भारद्वाजबाई दिसल्या की लोक अर्ध्या खोदलेल्या बिळात घुसायचे. कारण कुणाला कामावर ठेवायचं आणि कुणाला वाटेला लावायचं, ते निरोप बाईंच्याच तोंडून यायचे. तेही गोड आवाजात.

बाईंनी प्रत्येकाला पळसाचं एकेक पान दिलं. “पुढच्या बाजूला लिहा, इथलं काय आवडतं. मागच्या बाजूला लिहा, काय आवडत नाही. नाव घालू नका. मन अगदी मोकळं करा. सगळं गुप्त राहील.”

प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला बाईंनी चोचीनं वेगवेगळी खूण केली होती. गुप्तता नीट पाळली जाते की नाही, ते बघायला हवं ना.

ससे हुशार. त्यांनी भराभर लिहून टाकलं. पुढे ‘सगळं आवडतं.’ मागे ‘सुट्टीचा दिवस आवडत नाही, घरी करमत नाही.’ उंदरांनी ते बघून उतरवून काढलं.

साळबा मात्र पान घेऊन बसून राहिला.

घूसमावशीनं खड्ड्यातून डोकं वर काढलं. “साळबा, खरं लिहितोयस की काय?”

“विचारलंय तर सांगावं म्हणतो, मावशी.”

“अरे बाळा, मन मोकळं करायला मी आहे, नदीचा काठ आहे. पानावर कशाला? ‘रताळी छान असतात’ लिही आणि ये परत.”

पण साळबाच्या डोळ्यांपुढे ती करवंदीची जाळी होती. त्यानं लिहिलं. पुढच्या बाजूला लिहिलं : ‘मला खोदायला आवडतं. पहिल्या थराखालच्या ओल्या मातीचा वास आवडतो. रताळी आवडतात. शेजार आवडतो.’ मग पान उलटलं. ‘खोदायचं सोडून खोदण्याबद्दल बोलत उभं राहायला आवडत नाही. एकच बीळ पाच वेळा बुजवायला आवडत नाही. मी आजवर साठ बिळं खोदली, माझी बायको उघड्यावर आहे. चार दिवस रजा मिळाली तर माझी काही तक्रार नाही.’

लिहिता लिहिता त्याचे डोळे भरून आले. पानावर एक थेंब पडला. तो त्यानं पंजानं पुसला आणि पान झाडाच्या ढोलीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. साळबाला वाटलं, संपलं. आता ना रताळी, ना मान. सासऱ्यांना काय तोंड दाखवायचं? तो गेला. त्याचे काटे एकमेकांवर खडखडत होते.

घोरपडसाहेबांपुढे त्याचं पान होतं. शेजारी भारद्वाजबाई.

“कुणी लिहिलंय ते आम्हाला ठाऊक नाही,” बाई म्हणाल्या. “पण साळबा, आपण फार छान लिहिलंय.”

“हेच हवं होतं मला,” साहेब म्हणाले. “एवढ्या कंपनीत एक तरी खरं बोलणारा निघाला. आजपासून तुम्ही समाधान समितीचे अध्यक्ष. जे जे आवडत नाही ते तुम्ही दूर करायचं. खोदायचं बंद.”

“आणि माझी रजा, साहेब?” साळबानं विचारलं.

“अहो, तो रजेचा मुद्दा आता तुमच्याच समितीपुढे आहे. मी कोण ठरवणार?”

साळबा हरखला. “मग मी मंजूर करतो.”

भारद्वाजबाई हळहळल्या. “अध्यक्षांनी पहिली रजा स्वतःलाच दिली तर लोक काय म्हणतील हो? आधी बाकीच्यांचं बघू या ना.”

बघा, बोलण्यात कुठे बोट ठेवायला जागा आहे का? साळबालाही सापडली नाही. त्याला वडाखाली एक सपाट दगड बसायला मिळाला. गळ्यात झेंडूची माळ आली. त्यानं घरी निरोप पाठवला की बढती झाली आहे, काम वाढल्यामुळे रात्रीचा मुक्कामही इथंच आहे, पण रजेचं आता माझ्याच हातात आहे, थोडा धीर धर.

समितीचं काम जोरात सुरू झालं. सभा फार होतात, ही पहिली तक्रार. म्हणून सभा कमी कशा कराव्यात, यासाठी रोज दोन सभा ठरल्या. एक उभ्या सभेच्या आधी आणि एक नंतर. बीळ सारखं बुजवावं लागतं, ही दुसरी तक्रार. ती पोपटाबरोबर नागसाहेबांकडे पाठवली. पोपट उत्तर घेऊन आला, ‘तक्रार उत्तम आहे. फक्त थोडी वेगळी हवी.’

साळबा दगडावर बसून पानांचे गठ्ठे वाचायचा. पहिले दोन-तीन दिवस त्याचे पंजे शिवशिवायचे. चौथ्या दिवसापासून शिवशिवायचे थांबले. नखांच्या खाली माती राहिली नाही. ससे त्याला ‘साळबासाहेब’ म्हणू लागले, आणि ते ऐकायला त्याला बरं वाटू लागलं. वाटणारच. तुम्हाला नसतं वाटलं?

अमावास्येला सहा दिवस उरले असताना घूसमावशी त्याच्या दगडापाशी आली. अंगाला माती, खांदे दमलेले.

“दोन दिवसांची रजा दे, साळबा. एका गरोदर पोरीचं बीळ खोदायचंय. तिचा घरधनी कामात आहे.”

साळबापुढे पानांचा मोठा गठ्ठा होता. नारळ ठरायला आठ दिवस होते आणि नागसाहेबांचं बीळ अडलेलं होतं. त्यानं वर न बघताच उत्तर दिलं.

“मावशी, आपण सगळे एक कुटुंब आहोत. कुटुंबातून कुणी रजा घेतं का? हातातलं बीळ पसंत पडलं की बघू.”

बोलून गेल्यावर हे शब्द आपण कुठे ऐकलेत, हे त्याला आठवलं. त्यानं मान वर केली, तेव्हा मावशी गेली होती. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशी भारद्वाजबाईंनी सांगितलं की मावशींनी नोकरी सोडली. कारण विचारलं तर मावशी म्हणाल्या, हातात दुसरं काम आहे. साळबानं ते कारण पानावर लिहून घेतलं आणि गठ्ठ्यात ठेवलं. कुणाचं बीळ, हे विचारायचं त्याच्या डोक्यात आलं नाही.

जत्रा भरली. नारळ ‘पाताळ’ला मिळाला. घोरपडसाहेबांनी भाषण केलं आणि साळबाला पुढे बोलावून त्याची पाठ थोपटायला गेले. काटे बघून हात मागे घेतला, पण भावना पोचल्या. बक्षीस म्हणून त्याला चार दिवसांची रजा जाहीर झाली. तेव्हा अमावास्या उलटून दोन दिवस झाले होते.

साळबा धावत सुटला. धावण्याची सवय मोडलेली, रताळी खाऊन पोट सुटलेलं. वाटेत त्याला तरसाच्या पावलांचे ठसे दिसले. ते करवंदीच्या जाळीकडे गेलेले होते. जाळी विस्कटलेली होती आणि आत कुणी नव्हतं. सगुणाला हाक मारायचीसुद्धा साळबाची छाती होईना.

मग त्याला थोड्या अंतरावर मातीचा ताजा ढीग दिसला. ढिगामागे एक बीळ होतं. बिळाच्या तोंडाशी घूसमावशी बसली होती, पुढचे दोन्ही पंजे सोललेले.

“आहेत,” ती म्हणाली. “दोन पिल्लं आहेत आणि आई आहे. तरस येऊन हुंगून गेलं. बीळ आदल्याच दिवशी पुरं झालं होतं.”

साळबा रडला. खूप रडला, त्यात काही खोटं नव्हतं. मावशीच्या पाया पडला. मग डोळे पुसून बिळात वाकून बघितलं. आत सगुणा दोन पिल्लांना कुशीत घेऊन बसली होती. तिच्याही नखांची लक्तरं झाली होती. अवघडलेल्या अंगानं तिनंही निम्मं बीळ खोदलं होतं.

साळबाला केवढं तरी बोलायचं होतं. पण पंधरवडाभर दगडावर बसलेल्या तोंडातून भलतंच निघालं.

“उत्तम झालंय,” तो म्हणाला. “फक्त थोडं…”

पुढचं त्यानं गिळलं, पण उशीर झाला होता. पिल्लांनी या परक्या आवाजाला घाबरून अंगावरचे मऊ केस फुलवले. सगुणा रागावली नाही. बाजूला सरून तिनं जागा केली.

“या, नागसाहेब,” ती म्हणाली. “बीळ तयार आहे.”

तात्पर्य : मुलांनो, नोकरीत काय आवडत नाही ते न घाबरता लिहून द्यावं. लिहिणाऱ्याला बढती मिळते, कंपनीला नारळ मिळतो आणि तक्रार जशीच्या तशी शिल्लक राहते, म्हणजे पुढच्या वर्षी लिहायला काय, हा प्रश्न पडत नाही. राहता राहिलं घरचं बीळ. ते ज्यांना बढती मिळत नाही असे लोक खोदतात.