धानोलीकरांचा समुद्र

"साहेब, चार दिवस द्या! एक घर सोडत नाही, एक रकाना कोरा ठेवत नाही!" कृष्णकांतानं छातीवर हात ठेवून सांगितलं आणि घोळाला तिथूनच सुरुवात झाली. छातीवर ठेवलेला हात चार दिवसांत डोक्याला लागतो, हा माझा जुना अनुभव आहे.

साल चौऱ्याहत्तर. धंतोलीतल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर विकास-संशोधनाचं एक केंद्र होतं. त्याला दिल्लीहून तीन विषय मिळाले होते: लोकसंख्या, नर्सिंगचं शिक्षण आणि समुद्राचा कारभार. नागपुरात समुद्र कुठून आला, असं विचारू नका. नागपूर देशाच्या मधोमध, म्हणजे ते कुठल्याच किनाऱ्याची बाजू घेणार नाही, असा दिल्लीवाल्यांचा हिशेब होता. खोडून दाखवा!

केंद्राचे संचालक गणपतराव काटकसरी. तीन विषयांना तीन प्रश्नावल्या कशाला? त्यांनी सगळे प्रश्न एकाच स्टेन्सिलवर बसवले. घरी माणसं किती? मुलीला नर्सिंगला पाठवाल का? समुद्रावर हक्क कोणाचा असावा? पाठपोट एक कागद, काम खलास.

कृष्णकांत तिथं दोन वर्षांपासून हंगामी सहायक होता. त्याचा प्रमोदिनीवर जीव होता, तिचाही त्याच्यावर होता, पण तिच्या वडिलांचा जीव कायम नोकरीवर होता. "अक्षय तृतीयेच्या आत कायम झाल्याचा कागद दाखवा," ते म्हणाले होते, "नाही तर अमरावतीचा मुलगा आहे. पोस्टात आहे. कायम आहे." आणि गणपतरावांचा शब्द होता, की दिल्लीच्या समितीनं अहवाल पास केला तरच कृष्णकांत कायम. त्याचं सगळं लग्न त्या सायक्लोस्टाइल कागदांवर टांगलेलं होतं.

तर हा गेला मौद्याजवळच्या धानोलीला. पहिलं घर सरपंच चंपतरावांचं.

"घरी माणसं किती?"

"सहा."

"मुलीला नर्सिंगला पाठवाल?"

"पाहू."

"समुद्रावर हक्क कोणाचा असावा?"

तंबाखू मळता मळता चंपतराव थांबले. "कोणता समुद्र?"

"कोणताही. सर्वसाधारण समुद्र."

"काहून विचारून राहिले?"

"वरून विचारलं आहे."

हे त्यानं म्हणायला नको होतं! शेजारच्या अंजनाबाई दारात उभ्या होत्या. बाईचा आवाज असा, की नदीपलीकडची गुरं वळावीत.

"सरपंच, माह्या बहिणीचं गाव धरणात गेलं ना, तवा असाच एक चष्मेवाला आला होता! पयले डोकी मोजली, मंग पोरीबाळीचं विचारलं, अन् मंग म्हणे, उठा! आपलं गाव समुद्रावर नेऊन राहिले, बाप्पा!"

"अहो बाई, तसं काही नाही! हे नुसतं संशोधन आहे!"

"तो बी असंच म्हणे."

संध्याकाळपर्यंत गावाचं ठरलं. विरोध करून उपयोग नाही, बहिणीच्या गावानं करून पाहिला होता. मग निदान नीट तरी जाऊ! सकाळी चंपतराव स्वतः हजर.

"सहा खोडा. एकवीस लिवा."

"एका रात्रीत एकवीस?"

"धरणात जेवढी डोकी तेवढे प्लाट भेटले होते. माहे साळे आले, पाहा तिकडं."

खरंच आले होते, गाद्यांसकट. गावात बैलगाड्यांची रांग लागली होती. आता कृष्णकांतानं काय करावं? केंद्राच्या नियमावलीत पहिल्याच पानावर छापलं होतं: माहिती देणारा सांगेल तेच लिहावं, स्वतःची अक्कल चालवू नये. त्यानं एकवीस लिहिलं.

"नर्सिंग?"

"नव्या गावात दवाखाना लागनच. तिन्ही पोरी नर्स लिवा." शेजारच्याला मुलीच नव्हत्या. त्यानं दोन्ही सुना लिहवल्या.

"समुद्रावर हक्क?"

"ग्रामपंचायतीचा! दुसऱ्या कोणाचा गा?" हे उत्तर साऱ्या गावाचं एकच.

अंजनाबाईंनी मात्र कागद हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "पाणी खारं रायते म्हणतात. धान होते काय त्यावर?"

"नाही होत."

"मंग आमाले दुसरा समुद्र दाखवा."

तेही लिहिलं. चार दिवसांत सगळी घरं झाली, प्रत्येक कागदाखाली सही झाली, एक रकाना कोरा नाही. केंद्रात येऊन त्यानं घाबरतच सांगितलं, "साहेब, हे आकडे खरे नाहीत."

"नियमानं भरले?"

"हो."

"मग खरे नाहीत हे तुम्ही कोण ठरवणार?"

कृष्णकांत अजून बोलणार होता, पण डोळ्यांपुढे प्रमोदिनी आली आणि तिच्यामागे पोस्टातला मुलगा. तो गप्प बसला. इथं त्याचं चुकलं, हे मी स्पष्ट सांगतो. त्याच्या जागी मीही गप्पच बसलो असतो, हेही सांगून टाकतो.

दिल्लीची समिती आली आणि अहवाल वाचून हरखली. कुटुंबात सरासरी एकोणीस माणसं! नर्सिंगला शंभर टक्के पाठिंबा! आणि ज्यांनी समुद्र पाहिला नाही त्यांची समुद्राबद्दल एवढी तळमळ! अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि तिथल्या तिथं शिफारस लिहिली. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी कायमपणाचा कागद आला.

प्रमोदिनीच्या वडिलांनी तो वाचला. मग परत वाचला.

"कायम आहेत, हे खरं. पण हे खाली काय आहे?"

खाली होतं: धानोली ग्रामस्थांच्या आस्थेचा मान राखून केंद्राची समुद्र-शाखा रत्नागिरीस उघडण्यात येत असून, शाखाप्रमुख म्हणून आपण तत्काळ रुजू व्हावे.

"एवढ्या दूर पोरगी देऊ? अमरावती बरी!"

"मी जाईन," आतून आवाज आला. "पोस्टातल्यालाही बदली असतेच, बाबा." कृष्णकांताला तिथंच रडू फुटलं, आणि ते त्यानं लपवलंही नाही.

लग्न झालं. मुंबईच्या गाडीत नवरानवरी बसतात न बसतात, तोच फलाटावर आख्खं धानोली! हा रत्नागिरीला, समुद्रावर चालल्याची बातमी कोणी दिली कोण जाणे. चंपतराव खिडकीशी हात बांधून उभे राहिले. अंजनाबाईंना तेवढा संयम नव्हता.

"पाहा गा! डोकी आमची मोजली, सह्या आमच्या घेतल्या, अन् आमच्या प्लाटवर राहाले हा चालला! बायको बी घेऊन चालला!"

डब्यातली सगळी माणसं कृष्णकांताकडे वळून पाहू लागली. प्रमोदिनीनंही पाहिलं. गाडी सुटल्यावर त्यानं खिशातला कायमपणाचा कागद काढून परत वाचला. कागदोपत्री बाईचं म्हणणं बरोबर होतं.