सहाव्या जगाचं दार

रांगेत ताटकळायचंच आहे तर सोबत एखादं पुस्तक न्यावं, एवढाच विचार मी केला होता. तेवढ्याशा विचारानं आमचं वाटोळं झालं.

त्याचं असं आहे. बायको नर्स. तीन वर्षं ती सहा तासांवरच्या गावात नोकरीला आणि मी इथे, कुकरशी भांडत. यंदा इथल्या हॉस्पिटलात एक जागा निघाली. बदलीचा अर्ज मुख्य कार्यालयात समक्ष द्यायचा, शेवटचा दिवस शुक्रवार, खिडकी पाचला बंद. तिला रजा मिळेना म्हणून तिनं अर्ज माझ्याकडे पाठवला आणि फोनवर तीनतीनदा बजावलं, "अहो, घडी घालू नका हं. घडी पडलेला अर्ज घेत नाहीत."

"अगं, मी काय लहान आहे?"

"लहान असतात तर एवढी काळजी नसती."

घडी पडू नये म्हणून अर्ज मी कादंबरीत ठेवला. (एवढ्या एका बाबतीत मी चुकलो नाही. अर्ज शेवटपर्यंत इस्त्री केल्यासारखा राहिला.)

कादंबरी सातशे पानांची. एक कुलूप दुरुस्त करणारा माणूस जादूच्या किल्लीनं या जगातून त्या जगात जातो. प्रत्येक जगात तोच माणूस, नशीब मात्र निराळं. एकात राजा, एकात आचारी, एकात चक्क मुका. वाचताना मला तहानभूक आठवत नव्हती.

अडीचला रांगेत लागलो. पुढे अकरा माणसं. चार वाजता दोनच उरली. पण नेमका तेव्हाच आमचा गडी सहाव्या जगाच्या दारात, मागे जादूगारीण आणि किल्ली कुलपात अडकलेली! मागच्या बाई म्हणाल्या, "काका, सरका ना पुढे."

"तुम्ही व्हा पुढे. माझी दोन पानं राहिलीत."

त्या झाल्या. त्यांच्या मागचे गृहस्थही झाले. मग इथे कुणीतरी उदार माणूस उभा आहे ही बातमी रांगभर पसरली. एका आजोबांनी तर माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. तो मी मान वर न करता घेतला. दोन पानांची चाळीस पानं झाली. शेवटी किल्ली फिरली, दार उघडलं, माझ्या अंगावर काटा आला आणि खाडकन खिडकी बंद झाली.

"साहेब! अर्ज!"

आतल्या कारकुनानं खिडकी चार बोटं उघडली. "तुम्ही दुपारपासून इथेच होतात ना?"

"हो, पण..."

"मी दोनदा हाक मारली. तुम्ही मला हातानंच 'थांबा' म्हणालात."

मी खूप गयावया केली. (मी स्वतः आमच्या ऑफिसात एकोणीस वर्षं पाचच्या ठोक्याला खिडकी लावतो. गयावयेचा काही उपयोग होत नाही, हे मला कार्यालयीन अनुभवानं माहीत आहे.)

बाहेर पायरीवर बसलो. पुन्हा जागा निघेल तेव्हा निघेल. तोवर ती तिकडे एकटी जेवणार, मी इकडे. आणि हे दुसऱ्या कुणी नाही, मी केलं. मला रडूच आलं. तसाच तिला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. फोनमध्ये नुसती वॉर्डातली ढकलगाडी खडखडत होती. ती शांतता मला सोसेना म्हणून मी (ही खोड माझी कधी जाणार कोण जाणे!) तिची समजूत घालायला गेलो.

"हे बघ, पुस्तकात म्हटलंय, जगं पुष्कळ असतात. त्यातल्या एखाद्या जगात मी अर्ज वेळेवर दिलाय. तुझी बदली झालीये. तू आपल्या घरी आहेस, माझ्याबरोबर."

"रोज?"

"रोज!"

पलीकडून एक लांब सुस्कारा ऐकू आला.

"बिचारी," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.