नानांचा अर्धा इंच

वाकून सायकल चालवणारा माणूस दिसला की दामूनाना भर रस्त्यात त्याला आडवे जात. कारखान्याचा भोंगा होत असो, नाहीतर मागून बैलगाडी येत असो. "उतर. हँडल अर्धा इंच खाली आहे तुझं," एवढंच म्हणायचे आणि खिशातून पाना काढायचे.

नाना निवृत्त फिटर. अंबरनाथला आमच्याच चाळीत, कोपऱ्यातल्या खोलीत एकटे राहत. त्यांचं माप ठरलेलं: कोपर सीटच्या टोकाला टेकवायचं, हात पुढे पसरायचा, बोटं हँडलला लागली तर माणूस सुखी. नाही लागली तर सीट पुढे घे, हँडल वर उचल. एकदा कॅम्पातल्या सिंधी पापडवाल्याला अडवून म्हणाले, "साईं, कमर टूट जायेगी!" तो हात जोडून म्हणाला, "चाचा, और रोकोगे तो पापड भी टूटेंगे!"

आम्ही हसायचो. पण नानांनी बसवलेल्या सायकलवर पाठ दुखत नसे, हे खरं. फक्त आठवडाभरात हँडल पुन्हा खाली बसायचं. मग मोरिवलीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांना शिव्या देत आम्ही रविवारी नानांच्या दारात रांग लावायचो.

एका शनिवारी देवळाकडच्या उतारावर माझी सायकल सुटली होती. मागे कॅरिअरवर बायको, तिच्या मांडीवर वर्षाची मुलगी. समोर गवताची गाडी आडवी आली. मी ब्रेक दाबला. काहीच नाही! हँडल खाली सरकल्यामुळे ब्रेकच्या सळ्या सैल पडल्या होत्या, रबर चाकाला टेकतच नव्हतं. बायको किंचाळली. दोन्ही पाय जमिनीला घासत, गाडीच्या चाकापासून वीतभर अंतरावर कशीबशी सायकल थांबवली. टाचा सोलवटल्या. मुलगी मात्र खिदळत होती.

तसाच नानांच्या दारात गेलो. पाना त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला आणि हँडलचा नट फिरवला. चांगले दोन आटे आत गेला.

"जन्मभर फिटर होतात ना? मग हा सैल कसा राहिला? पोर होती माझी मागे!"

नाना उंबऱ्यावर बसले. "ब्रेकचं डोक्यातच आलं नाही रे..." मग खाली मान घालून म्हणाले, "पक्का आवळला, तर पुढच्या रविवारी कोण येणार माझ्याकडे?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. वाईट वाटलं आणि लाजही वाटली. चार वर्षं शेजारी राहून त्यांची खोली मी आतून पाहिली नव्हती.

"ठेव तो पाना तुझ्याकडेच," ते म्हणाले. "माझ्या हातांचा आता मलाच भरवसा नाही."

मी पाना त्यांच्या हातात परत दिला. "संध्याकाळच्या आत चाळीतल्या सगळ्या सायकली पक्क्या करायच्यात, नाना. मी शेजारी उभा राहतो. आधी चहा टाका."

खोलीत कप एकच होता. तो मला देऊन नाना वाटीतून चहा प्यायले.